काहून वं, उर्दू?

(दहावी १९८६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात लोणार येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिलाय. मागच्या पावसाळ्यात मी आपल्या ग्रुपवर एका जुन्या वहीच्या पानाचा फोटो टाकला होता. उजवीकडून डावीकडे लिहिलेलं, फिकट निळ्या शाईतलं पान. खाली मी त्याचा मराठीत अर्थ लिहिला होता. पाच मिनिटांत सुरू झालं. "काहून वं, उर्दू?" "ह्या वयात?" एकाने तर विचारलं, "दुबईले चालली काय?" तेव्हा मी नुसता हसणारा चेहरा टाकून गप्प बसले, कारण उत्तर ग्रुपवर मावणारं नव्हतं. आज माईक हातात आहे आणि भाजीला अजून फोडणी पडायची आहे असं कळलंय, तेव्हा सांगते.

आधी शाळेतलं. बोर्डाच्या हिशेबात आपल्याला तीन भाषा होत्या. मराठी पहिली, हिंदी दुसरी, इंग्रजी तिसरी. निवड कुणी विचारली नव्हती. आठवीत तेवढा एक प्रश्न आला होता, पूर्ण हिंदी घ्यायची की अर्धी हिंदी आणि अर्धं संस्कृत. त्याचंही उत्तर आपण दिलं नाही; संस्कृतला मार्क मिळतात म्हणून घरच्यांनी दिलं. इंग्रजीत मी पास झाले, पोस्टातले सगळे फॉर्म आजही इंग्रजीत भरते, सरांच्या कृपेने स्पेलिंग चुकत नाही. पण ती भाषा माझ्या घरात कधी जेवायला बसली नाही.

२०२५ मध्ये याच तिसऱ्या भाषेवरून महाराष्ट्रभर रान उठलं, तुम्ही सगळ्यांनी पाहिलं. एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, जूनमध्ये दुसरा निघाला, आणि जून संपायच्या आत दोन्ही रद्द झाले. त्या वादात मी कुठल्या बाजूला होते ते जेवताना विचारा. इथे सांगायचं एवढंच की टीव्हीवर इतके लोक बोलले, पण एखाद्या माणसाला तिसरी भाषा हवीशी का वाटते हे त्यांतल्या कुणी विचारलं नाही. मला ती चाळिसाव्या वर्षी हवीशी वाटली. एका पत्र्याच्या पेटीसाठी.

पुष्कळांना माहीत आहे, १९९२ ला माझं लग्न झालं आणि मी मंठा तालुक्यातल्या एका खेड्यात गेले. आई सगळ्यांना सांगायची, "जवळच देल्ली, एसटीनं तासाभरात येते." अंतर खरंच एवढंच आहे. पण पहिल्याच वर्षी माझ्या लक्षात आलं की मी एक जुनी सरहद्द ओलांडून आलेय. इकडे आपण 'काहून' म्हणतो, तिकडे 'कामून'. हे तर हसण्यावारी गेलं. पण सासरचे म्हातारे बोलताना 'मोगलाई' आणि 'इंग्रजी' असं म्हणायचे, आणि त्यांच्या लेखी माझं माहेर इंग्रजीतलं होतं! मला वाटायचं ही थट्टा आहे.

थट्टा नव्हती. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. त्यात आपलं लोणार आलं. मंठा, परतूर, जिंतूर तिकडेच राहिले, ते थेट सप्टेंबर १९४८ पर्यंत. पंचाण्णव वर्षं. एकाच पट्ट्यातली काळी जमीन, तीच ज्वारी, तेच सोयरेसंबंध. पण इकडे कलदार रुपया आणि तिकडे निजामाचा हाली शिक्का, साधारण सात हालींना सहा कलदार. मधे करोडगिरीचे नाके, म्हणजे जकातीचे. इकडे कचेरीत आणि शाळेत मराठी. तिकडे राज्यकारभारात आधी फारसी आणि १८८० च्या दशकापासून उर्दू. पुढचं शिक्षणही उर्दूतून. हैदराबादला १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं, तिथे वैद्यकीसुद्धा उर्दूतून शिकवत. त्यामुळे तिकडच्या एका अख्ख्या पिढीचं असं होतं, की मराठी घरातला मुलगा, कपाळाला बुक्का, एकादशीला उपवास आणि हिशेब मात्र उर्दूत.

माझे सासरे त्या पिढीतले. जन्म १९३० च्या आसपासचा. सातवीपर्यंतचं शिक्षण उर्दूतून. १९४८ नंतर सगळं मराठीत आलं तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. बँकेत सही मराठीत करायचे, वर्तमानपत्र मराठी वाचायचे, ज्ञानेश्वरी वाचायचे. पण रात्री कंदिलाशी, नंतर दिव्याशी बसून जे काही लिहायचे ते उर्दूत. आम्ही सुना विचारायचो, "मामंजी, काय लिहिता?" ते म्हणायचे, "हिशेब." २००९ मध्ये ते गेले. पत्र्याच्या पेटीत पंधरा वह्या निघाल्या आणि जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेले कागद. घरात एकालाही त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या मुलांनाही नाही. बाप आयुष्यभर समोर बसून लिहीत होता आणि मुलांना बापाचं अक्षर वाचता येत नाही, हे मला फार विचित्र वाटलं. दीर म्हणाले, "रद्दीत घालू नका, पण वाचणार कोण?"

वाचायची वेळ लवकरच आली. २०१० मध्ये वाटणीचा विषय निघाला. आमच्याकडे आजेसासऱ्यांच्या वेळेपासून एक भांडण होतं. ते दोघे भाऊ. सामाईकात ओढ्याकाठचं एक चांगलं शेत होतं, आणि ते सावकाराकडे गेलं. धाकट्या भावाच्या घराण्याचं म्हणणं, थोरल्याने, म्हणजे आमच्या आजेसासऱ्यांनी, ते विकून खाल्लं. साठ वर्षं हा शब्द होता, 'विकून खाल्लं'. लग्नपत्रिका जायच्या, माणसं यायची नाहीत. वाटणीच्या बैठकीत तो पुन्हा निघाला. मग त्या फडक्यातला एक स्टँपचा कागद जिल्ह्याच्या गावी एकाकडून वाचून आणला. त्याने पानाचे पैसे घेतले, वरवर नजर फिरवली आणि सांगितलं, "बय आहे. बय म्हणजे विक्री. विकलंय." संपलं. चुलत दिरांनी आमच्याकडे पाहिलं आणि उठून गेले. माझे यजमान त्या दिवशी जेवले नाहीत.

मी पोस्टात काम करते. पत्ता अर्धा वाचून टपाल टाकता येत नाही, ही आमची सवय. त्या माणसाने वाचलेली ओळ मी त्याच्या खांद्यावरून पाहिली होती. 'बय' म्हणून त्याने जिथे बोट ठेवलं त्याच्या पुढेही अक्षरं होती. ती काय आहेत असं विचारलं तर म्हणाला, "ते असतंच."

ते असतंच म्हणजे काय असतं, हे कळेपर्यंत मला चैन पडेना. हे माझं पहिलं कारण. उदात्त वगैरे काही नाही, निव्वळ चिडचिड.

आमच्या पोस्टात पेन्शन घ्यायला एक म्हातारे गृहस्थ यायचे, जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. सगळा गाव त्यांना मास्तरसाब म्हणतो, मीही तेच म्हणते. त्यांना विचारलं, शिकवाल का. ते म्हणाले, "कागद आणा, मी वाचून देतो, एवढा त्रास कशाला?" मी म्हटलं, एक कागद नाही, पंधरा वह्या आहेत. तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मग पहिलीचं पुस्तक आणा." आपली बालभारती मराठीसारखीच उर्दूतही पुस्तकं छापते, एकूण आठ भाषांत. मी माझ्या मुलीच्या वयाच्या पोरांबरोबर दुकानात उभी राहून उर्दू पहिलीचं पुस्तक घेतलं. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रमही टपालाने केला. पोस्टातच नोकरी, त्यामुळे पाठ वेळेवर मिळाले!

लिपीबद्दल थोडं सांगते, कारण सगळे घाबरतात ते तिलाच. अक्षरं चाळीसच्या आतच आहेत. पण सुरुवातीला एक रूप, मधे दुसरं, शेवटी तिसरं. ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहीत, ओळखायचे. बे, पे, ते या तिघांची होडी एकच, फक्त टिंबं वेगळी. आणि जुने कारकून घाईत टिंबंच द्यायचे नाहीत. त्या मोडक्या धावत्या अक्षराला शिकस्ता म्हणतात, शिकस्ता म्हणजे मोडलेलं. छापील उर्दू मला सहा महिन्यांत यायला लागली. शिकस्ता वाचायला तीन वर्षं गेली.

पण मला खरी गंमत कशाची वाटली सांगू? आपल्या सात-बारावर 'मौजे' असतं. 'जमीन' असते. आपण 'जाहीर' सभा घेतो. 'जात' तर पाचवीला पुजलेली. या चारही शब्दांत आपण एकच ज लिहितो. उर्दूत चौघांचे चार वेगळे ज आहेत. जमिनीचा ज़े, मौज्याचा ज़्वाद, जाहीरचा ज़ोय. आणि जात हा शब्द आपला स्वतःचाही आहे, पण फारसी-अरबीतली जी ज़ात, ती ज़ालने लिहितात. मास्तरसाब म्हणायचे, "तुम्ही मराठी माणसांनी चार पाहुणे एकाच खाटेवर झोपवलेत." खरीप, रब्बी, हद्द, दस्त, वारस, कब्जा, अर्ज, वकील. शेतकऱ्याच्या तोंडातले निम्मे शब्द मला त्यांच्या मूळ घरी भेटत होते. शिकताना परकं असं वाटलंच नाही. उलट नातेवाइकाच्या घरी पहिल्यांदा गेल्यावर भिंतीवर आपल्याच आजोबांचा फोटो दिसावा, तसं व्हायचं.

इथे एक आडवळण. आपल्या वर्गात आठवीला उर्दू शाळेतून एक मुलगी आली होती. ती आज तिसऱ्या रांगेत बसली आहे, नाव घेत नाही, ती ओरडेल. तिने माझ्या कंपासपेटीच्या झाकणावर कर्कटकाने काहीतरी कोरून दिलं होतं आणि "हे तुझं नाव" म्हणाली होती. ती पेटी माहेरी माळ्यावर सापडली. खरंच माझं नाव होतं, आणि त्याच्या पुढे 'पगली' लिहिलं होतं. एकोणतीस वर्षांनी कळलं. तिचा हिशेब जेवणानंतर.

आणि सर, आपण सहलीला धारेवर आणि कमळजादेवीला कितीदा गेलो, पण एक गोष्ट मला शाळेत कळली नव्हती. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त आपल्या लोणारबद्दल लिहून ठेवलंय. हे पवित्र स्थान आहे, आणि इथल्या सरोवरातून काच आणि साबण करायला लागणारा खार मिळतो, असं. फारसीत. म्हणजे आपल्या गावचं सरोवर याच अक्षरांत सव्वाचारशे वर्षांपूर्वी लिहिलं गेलंय. ती लिपी 'तिकडची' आहे असं म्हणताना मला आता जरा अडखळायला होतं. आपल्या तालुक्यातल्या गावांची नावं तरी बघा, सुलतानपूर, बीबी.

आता त्या कागदाकडे येते. २०१३ च्या उन्हाळ्यात एका दुपारी मास्तरसाबांच्या ओट्यावर बसून मी तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. ते फक्त ऐकत होते. ज्या जागी त्या माणसाने 'बय' म्हणून बोट उचललं होतं तिथे तीन शब्द होते. 'बय बिल वफा'. शर्तीची विक्री. आपल्याकडचे म्हातारे ज्याला मुदत-खरेदी म्हणायचे ती. शेत सावकाराच्या नावे करून द्यायचं, पैसे घ्यायचे, आणि ठरलेल्या मुदतीत पैसे परत केले की शेत परत. नाही केले तर गेलं. नावाला विक्री, पोटात गहाण. रक्कम चारशे रुपये, हाली. मुदत पाच वर्षं. तारीख खुर्दाद महिना, १३५२ फसली.

फसली सन म्हणजे निजामाचं महसुली वर्ष. ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदलायचं, आणि त्यात ५९० मिळवले की साधारण आपला इसवी सन निघतो. १३५२ म्हणजे १९४२-४३. खुर्दाद उन्हाळ्यात येतो. पाच वर्षं मिळवा. १३५७, म्हणजे १९४८ चा उन्हाळा.

१९४८ च्या उन्हाळ्यात आमच्या घरचे कुठे होते? इथे. लोणारला. रझाकारांच्या भीतीने तिकडची कितीतरी कुटुंबं सरहद्द ओलांडून वऱ्हाडात आली होती, त्यांत आमचंही होतं. फाल्गुनात बैलगाडीने आले आणि दिवाळीला परत गेले. सासूबाई तेव्हा चौदा वर्षांच्या, लग्न होऊन एक वर्ष झालेल्या. धारेचं पाणी भरल्याचं त्या सांगायच्या. मुदत संपली तेव्हा शेत मंठ्याकडे, सावकार मंठ्याकडे, आणि पैसे भरणारा माणूस नाक्याच्या अलीकडे. फडक्यात आणखी एक कागद होता, तोही मग वाचला. आजेसासऱ्यांनी १३५७ च्या सुरुवातीला साडेतीनशे रुपये जमवल्याचा हिशेब होता. कुणाकडून किती उसने, कोणता दागिना मोडला, सगळं ओळीने. पन्नास कमी पडत होते.

शेत परत मिळणार नव्हतं, हे मला माहीत होतं. तो दावा केव्हाच मुदतीबाहेर गेलेला. वकिलांनाही विचारलं, त्यांनी तेच सांगितलं. पण मी दोन्ही कागदांचं मराठी करून, शेजारी मूळ ओळ ठेवून, चुलत दिरांकडे नेलं. थोरल्या चुलत दिरांनी दोनदा वाचलं. मास्तरसाबांना फोन लावून विचारलं, खरं आहे का. मग म्हणाले, "वहिनी, हे बापानं कधी सांगितलं नाही." त्यांचा बाप आणि माझे सासरे, दोघांनाही उर्दू येत होती. कागद आमच्या पेटीत होता. त्यांनी कधी मागितला नाही आणि यांनी कधी दाखवला नाही. का, ते मला अजून कळलेलं नाही. पुढच्या वर्षी त्यांच्या नातीच्या लग्नात आम्हाला मानाची साडी आली.

दुसरं कारण मात्र वह्यांचं, आणि त्यात सासूबाईंचा विरोध होता. त्या म्हणायच्या, "ती भाषा माझ्या घरात नको." त्यांच्याशी मी वाद घातला नाही. चौदाव्या वर्षी रात्री गाडीत बसून घर सोडलेल्या बाईला मी काय सांगणार? आणि मास्तरसाबांनाही मी कधी विचारलं नाही की पोलीस ॲक्शननंतर त्यांच्या घरचे कुठे गेले होते. त्यांनी एकदा आपण होऊन एवढंच सांगितलं, "आमचा वाडा दुसऱ्या गावात होता." तेव्हा दोन्ही दिशांनी माणसं पळाली होती. मी पोस्टातून आल्यावर मागच्या खोलीत दार लोटून अभ्यास करायची.

वह्या म्हणजे खरंच हिशेब होते. ज्वारी किती पोती, सरकी काय भावाने, सालगड्याला किती दिले. पण मधेच एखादी ओळ वेगळी यायची. एक ओळ पुन्हा पुन्हा यायची, तिचा अर्थ लागेना. 'घर में बुख़ार.' 'घर में तबीयत ठीक नहीं.' 'घर में नई साड़ी, ग्यारह रुपये.' घराला ताप कसा येईल? श्रीपाद जोशींचा उर्दू-मराठी शब्दकोश मी मागवून घेतला होता, त्यातून निभाव लागेना. मास्तरसाब हसायला लागले. म्हणाले, "अहो, जुनी माणसं बायकोचं नाव घेत नसत. 'घर में' म्हणजे बायको." मी वही घेऊन तशीच घरी गेले आणि सासूबाईंच्या शेजारी बसले. म्हटलं, आई, यात तुमचं आहे. त्यांनी तोंड फिरवलं. थोड्या वेळाने भिंतीकडे बघतच विचारलं, "काय लिवलंय?"

मग रोज संध्याकाळी एक-दोन पानं. घरात तापाला मोसंबी आणली, आठ आणे. घरात मंगळागौरीला नाही म्हटलं, रुसवा. रुसवा त्यांनी चक्क मराठीत लिहिला होता, उर्दू अक्षरांत. सासूबाई हसून हसून म्हणायच्या, "म्हंजे मी घर होय गं!" त्यांना तारखा आठवायच्या, भाव आठवायचे, कुठे त्यांनी नोंद चुकीची टिपलीय तेही सांगायच्या.

सहाव्या वहीत एक पान आलं. १९५८ चा भाद्रपद. सासूबाईंची चार वर्षांची मुलगी गोवराने गेली, तो दिवस. ही गोष्ट मला घरात आल्यापासून माहीत होती आणि तिची दुसरी बाजूही माहीत होती. सासरे त्या दिवशी रडले नाहीत, दुसऱ्या दिवशी औत घेऊन शेतावर गेले, हे सासूबाईंनी पन्नास वर्षं मनात धरून ठेवलेलं होतं. भांडणात निघायचं ते. त्या पानावर तारीख होती, आणि एकच ओळ. 'आज कुछ नहीं लिखा जाता.' आज काही लिहवत नाही. त्यानंतर अकरा पानं कोरी. नुसत्या तारखा घातलेल्या, रोजची एक, आणि खाली काही नाही. ज्या माणसाने ज्वारीच्या पोत्याचाही हिशेब चुकवला नाही, त्याची अकरा कोरी पानं.

मी वाचून दाखवलं. कोरी पानंही एकेक उलटून दाखवली. सासूबाईंनी वही मांडीवर घेतली आणि हात फिरवत बसल्या. त्यांना मराठीही वाचता येत नव्हतं, तेव्हा कोरं पान आणि लिहिलेलं पान त्यांना सारखंच असायला हवं. पण त्या कोऱ्या पानांवरच हात फिरवत होत्या. नंतर एवढंच म्हणाल्या, "मले का नाही सांगितलं?" तिकडच्या बाईच्या तोंडी 'मले'. लोणारचे आठ महिने कुठेतरी राहिले असावेत. २०१९ मध्ये त्या गेल्या. तोपर्यंत नऊ वह्या वाचून झाल्या होत्या.

ते उर्दूत का लिहीत होते, याचा मी पुष्कळ विचार केला. शिकलेली भाषा ती, हे एक. पण मला वाटतं, घरात कुणाला वाचता येत नव्हती म्हणूनही. एका खोलीच्या घरात सात माणसं, त्यात माणसाला आपलं असं दार कुठलं? मग मी ते दार उघडायला हवं होतं का, असं मला एका मैत्रिणीने विचारलं. तिला मी सांगितलं, त्यांनी वह्या जाळल्या असत्या. चूल शेजारीच होती.

लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याला जन्मलेले सेतुमाधवराव पगडी तुम्हाला माहीत असतील, इतिहासकार. तेही निजामाच्या राज्यात शिकलेले, तिथेच अधिकारी होते. उर्दू आणि फारसीतलं किती तरी त्यांनी मराठीत आणलं. पण आदिलाबादेत नोकरीला गेले तेव्हा समोरची माणसं गोंडी बोलतात म्हणून गोंडी शिकले आणि तिचं व्याकरण लिहून काढलं. मला हे फार पटतं. समोरचा जे बोलतोय ते कळावं, एवढ्यावर माणूस भाषा शिकतो. माझ्या बाबतीत समोरचा माणूस गेलेला होता, एवढाच फरक.

२०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, मराठवाड्यातल्या निजामकाळच्या कुणबी नोंदी शोधायला, आणि एकाएकी उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना भाव आला. आमच्या ओट्यावर रांग लागायची. आरक्षणावर मी इथे बोलणार नाही, या मांडवात सगळ्या बाजूंचे लोक आहेत आणि मला जेवायचंय. पण एक सांगते. लोक कागद पुढे करून माझ्या तोंडाकडे बघायचे. त्यांना एक शब्द हवा असायचा. असला तर मी बोट ठेवून दाखवायची, नसला तर नाही म्हणायची. एक मुलगा तीनदा आला, त्याच कागदासह. तिसऱ्यांदा मी त्याला अख्खा कागद वाचून दाखवला. त्याच्या पणजोबांनी गावच्या विहिरीला पन्नास रुपये दिल्याची पावती होती ती. तो शब्द त्यात नव्हताच. ती पावती त्याने पुन्हा घडी घालून नीट पाकिटात ठेवली. पैसे मी कुणाकडून घेत नाही. वाचते मात्र शेवटच्या ओळीपर्यंत.

मास्तरसाबांना आता दिसत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पण पडदा गेलाय म्हणतात. दर रविवारी मी जाते आणि त्यांना 'इन्कलाब' वाचून दाखवते, मुंबईहून येतो तो, दोन-तीन दिवस शिळा. माझा ऐन आणि ग़ैन अजून त्यांना पसंत नाही. मधेच थांबवून पुन्हा म्हणायला लावतात.

सहा वह्या वाचायच्या राहिल्यात. निवृत्तीला चार वर्षं आहेत, तोवर होतील. तुमच्यापैकी ज्यांची सोयरीक मंठा, जिंतूर, सेनगाव बाजूला आहे, त्यांच्या घरी असे कागद नक्की असतील, पेटीत नाहीतर देवघरामागे. दोन गोष्टी पाळा. लॅमिनेशन करू नका, त्यात जुना कागद भाजतो आणि शाई जाते. आणि सोडायला जमत नसेल तर घडी ओढू नका, तशीच घेऊन या. पुढच्या महिन्यात मी आठ दिवस माहेरी आहे. वर्गातल्या त्या मैत्रिणीलाही मी सोबत बसवणार आहे, 'पगली'ची भरपाई म्हणून. संध्याकाळी चारनंतर कधीही या, चहा मिळेल.